भावाला पुण्याचं कॉलेज हवंय, ईबीसीची फी सवलत धरूनही वर्षाला दोन लाख लागतात. कर्जावर मी सही करू का?

चाकणचा_फिटर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या. आम्ही बार्शीचे. अण्णा एसटीत कंडक्टर, तीन वर्षांनी रिटायर होतील. मी आयटीआय करून चाकणला कंपनीत लागलो, हातात २६ हजार पडतात. धाकट्याला सीईटीला ९७.४ पर्सेंटाइल पडलेत आणि अकरावीपासून त्याच्या डोक्यात पुण्यातलं एकच कॉलेज आहे, खाजगी ऑटोनॉमस, कॉम्प्युटर. मागच्या वर्षीचा कटऑफ बघितला तर लागेल असं वाटतंय. शनिवारी ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची, शेवटची तारीख.

आता हिशोब. फी १,८२,०००, त्यातली ट्यूशन १,५८,०००. आम्ही ओपन, अण्णांचा उत्पन्नाचा दाखला ५ लाख १० हजारांचा, म्हणजे ईबीसीत अर्धी ट्यूशन ७९ हजार सुटली तरी १,०३,००० राहतात. होस्टेल मेस धरून अजून १,१०,०००. झाले २,१३,०००, चार वर्षांचे साडेआठ लाख. घरात दीड लाखाची एफडी आहे, अण्णा सोसायटीचा हप्ता जाऊन चार वर्षांत लाखभर काढतील. उरले सहा लाख. बँकेतला माणूस म्हणाला अण्णांची नोकरी तीनच वर्षं राहिलीय तर सहकर्जदार म्हणून तुमची सही लागेल.

दुसरा पर्याय कराडचं सरकारी, तिथे इलेक्ट्रिकल लागेल, फी पुण्याच्या मानाने काहीच नाही. पण ते नाव काढलं की हा ताटावरून उठतो. अण्णा म्हणतात पीएफ काढतो, आई म्हणते पाटल्या मोडू. माझ्यासाठी पण स्थळं बघणं चालू आहे आणि खरं सांगायचं तर सही करायला हात पुढे होत नाहीये, हे घरी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितोय. मी चुकतोय का?

ता.क. एका एजंटचा रोज फोन येतोय, मॅनेजमेंटमधून त्याच कॉलेजची सीट पक्की करून देतो म्हणून.

खिडकी_नंबर_तीन

आधी त्या एजंटचा नंबर ब्लॉक करा मग पुढचं वाचा. मी एका कॉलेजात स्कॉलरशिपच्या खिडकीत बसते, दरवर्षी दहाबारा पालक तरी रडत येतात की आमचं उत्पन्न बसतंय मग ईबीसी का नाही, आणि बघावं तर प्रवेश मॅनेजमेंट कोट्यातला. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे तुम्ही ज्याला ईबीसी म्हणताय ती, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या सामाईक प्रवेश फेऱ्यांतून, आलेल्यालाच मिळते. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, त्यात तुम्ही आरामात बसता. पण कॅपच्या बाहेर पाय टाकला की चार वर्षांचे ३ लाख १६ हजार गेले.

दुसरं, हे कुणी सांगत नाही. फॉर्म भरताना टीएफडब्ल्यूएसला हो म्हटलंय का? ट्यूशन फी वेव्हर स्कीम. प्रत्येक कोर्सला ५ टक्के जादा जागा असतात, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला, ट्यूशन फी पूर्ण माफ, तीही सगळ्या वर्षांची. त्याचा चॉईस कोड वेगळा असतो, शेवटी टी असतो. त्याच कॉलेजचा टी वाला कोड सगळ्यात वर टाका आणि साधा कोड त्याच्या खाली. कटऑफ वर जातो, ९७.४ ला कॉम्प्युटर कठीणच आहे खोटं कशाला सांगू, पण वर टाकल्याने नुकसान काही नाही, नाही लागला तर खालचा बघितला जातो. फक्त एक, पहिल्या राऊंडला पहिलाच प्रेफरन्स लागला तर सीट ऑटो फ्रीझ होते, मग मागे फिरता येत नाही, त्यामुळे पहिल्या नंबरला जे टाकाल ते घरात ठरवूनच टाका.

आणि ईबीसी म्हणजे हातात आलेले पैसे असं धरू नका. अर्धीच ट्यूशन घ्यायची असे शासनाचे आदेश आहेत, तरी काही ठिकाणी आधी पूर्ण भरा मग बघू म्हणतात, तिथे लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. खातं आधार सीडेड हवं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी बँकेतून नोंद हवी, नुसतं लिंक असून भागत नाही, निम्मे अर्ज तिथेच लटकतात. इयर डाऊन झालं, म्हणजे नापास होऊन वर्ष गेलं, की तेही अडकतं.

सोलापुरी_शेंगाचटणी

भावा मी हेच केलंय, २०१५ ला. पुण्यातच, खाजगीतच, पाच लाखांचं लोन. नोकरी लागली, फिटलं पण. पण एक चूक केली ती तू करू नको. शिकताना हप्ता नसतो हे खरं, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं हे मला चौथ्या वर्षी कळलं. बँकेतल्या साहेबांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, तेव्हा विचारायची अक्कल पण नव्हती. स्टेटमेंट काढलं तर आकडा बघून त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि पीएफला हात नको रे. माझ्या बाबांनी काढला होता, आज त्यांच्या गोळ्या औषधांचं मीच बघतो, ते ठीक आहे माझं कामच आहे ते, पण त्यांना दर महिन्याला मला सांगावं लागतं ना की गोळ्या संपल्या म्हणून, त्यांचं तोंड बघवत नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

वरच्यांनी व्याजाचं बरोबर सांगितलंय, मी आकडे मांडतो. तीस वर्षं बँकेत हेच केलं.

समजा सहा लाख, दरवर्षी दीड लाख उचल, व्याज सोयीसाठी १० टक्के धरू. चार वर्षं शिक्षण आणि पुढे एक वर्ष सवलत. या पाच वर्षांत साध्या व्याजाने २ लाख १० हजार चढतात. ते भरले नाहीत तर परतफेड सुरू होताना कर्ज ८ लाख १० हजार, सात वर्षांचा हप्ता साधारण १३,४५०. तेच व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५००, मग ३,७५० आणि मग ५,०००, आणि शेवटी हप्ता ९,९६० च्या आसपास. शिकत असताना नियमित व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट पण देतात, मंजुरीपत्रात ते लिहून घ्या.

तारण द्यायची गरज नाही. ४ लाखांपर्यंत तारण मागायचंच नाही असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे आणि साडेसात लाखांपर्यंत सरकारची हमी योजना आहे. पाटल्या डब्यात राहू देत. शाखेत टोलवाटोलवी झाली तर सरकारच्या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवरून अर्ज करा, तिथे नोंद राहते आणि नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्जाची योजना आली. त्याच्या यादीत कॉलेज असेल तर तारण आणि जामीनदार दोन्ही नकोत, मग तुमच्या सहीचा प्रश्न बराचसा सैल होईल. यादी एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्राच्या कॉलेज क्रमवारीतल्या, रँकवरून करतात, सुरुवातीला ८६० संस्था होत्या, तुमचं कॉलेज आहे का ते आजच बघा. त्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्नाला व्याजात ३ टक्के सवलत आहे खरी, पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती नाही. तुम्हाला दोन्हीतली ईबीसीच घ्यायची आहे, वर्षाला ७९ हजार कुठे आणि ३ टक्के कुठे. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांसाठी शिकतानाचं व्याज माफ करणारी केंद्राची योजना वेगळी आहे, तुमचा दाखला ५.१० चा म्हणजे ती हुकली. एसटीचा पगार असा आहे की गरीब पण म्हणवत नाही आणि फी पण भरवत नाही.

सहीबद्दल. तुम्ही जामीनदार नाही, सहकर्जदार होताय. उद्या तुम्ही घरासाठी कर्ज मागाल तेव्हा हे पूर्ण कर्ज तुमच्या सिबिलवर दिसणार आणि भावाने हप्ता चुकवला तर तो तुमच्या नावावर. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत पण तुम्हाला नाही, ती स्वतःच्या, नवराबायकोच्या किंवा मुलांच्या शिक्षणाला आहे, भावाच्या नाही. सही करू नका असं म्हणत नाही, पण होणाऱ्या सासरच्यांना आधी सांगा, लग्नानंतर कळलं तर त्याचं व्याज जास्त असतं.

कराडकर_इलेक्ट्रिकल

कुणीच बोलेना म्हणून मी बोलतो. कराडला आलं की आयुष्य संपतं का? मी तिथूनच पास झालो. सरकारी कॉलेज १९६० चं आहे, ऑटोनॉमस आहे, कंपन्या येतात. पुण्याएवढ्या येत नाहीत हे मान्य, मला पण लागायला डिसेंबर उजाडला होता. पण पहिला पगार आला तेव्हा मी कुणाचा एक रुपया देणं नव्हतो आणि शेजारच्या खाजगीवाल्या मित्राचा अर्धा पगार बँकेत जात होता.

ब्रँचचा मुद्दा वेगळा. पोराला खरंच कोडिंगची आवड असेल आणि तुम्ही त्याला इलेक्ट्रिकलला ढकललं तर चार वर्षं तोंड पाडून बसेल, ते पण खरंय. मला सांगा त्याला कॉम्प्युटर पाहिजे का ते कॉलेज पाहिजे? दोन्ही एक नाही. कॉम्प्युटर पाहिजे असेल तर यादीत अवसरीचं सरकारी पण टाका की, तिथे आहे कॉम्प्युटर, आणि ते पुणे जिल्ह्यातच आहे, तुमच्या चाकणहून तर जवळच.

सोलापुरी_शेंगाचटणी

@कराडकर_इलेक्ट्रिकल अवसरीला कॉम्प्युटरचा कटऑफ ओपनला वर जातो ना पण? टाकायला हरकत नाही म्हणा.

दादाची_लाडकी_नाही

मी त्या धाकट्याच्या जागची आहे. माझ्या शिक्षणासाठी दादाने सही केली होती आणि मला कुणी आकडाच सांगितला नव्हता. तुला अभ्यास करायचाय तू तेवढं बघ, पैशाचं आम्ही बघतो. मी आपली मजेत. तिसऱ्या वर्षी एक विषय राहिला त्याचं मला काहीच वाटलं नाही. दादाने साखरपुडा पुढे ढकलला होता हे मला वहिनीकडून कळलं, तेही लग्नानंतर दोन वर्षांनी, भांडणात. इतकं लागलं मला ते. हप्ता आता मीच भरते पण दादा आणि मी आधीसारखे बोलत नाही.

त्याला समोर बसवा, वर काकांनी लिहिलेत ते आकडे त्याच्याच हाताने वहीत लिहायला लावा. १८ वर्षांचा आहे, कळतं त्याला. ताटावरून उठतो कारण त्याला वाटतं पैसे कुठूनतरी येतात.

आणि होस्टेलचे १ लाख १० हजार कमी करा आधी. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे, १९५५ पासूनची, अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली, गावाकडून आलेल्या गरजू मुलामुलींसाठी. माझी मैत्रीण तिथेच राहिली, बाहेरच्या मानाने खर्च खूप कमी, पण शिस्त कडक आणि कामं स्वतः करावी लागतात. मुलाखत असते, जागा भरायच्या आत अर्ज टाका. रिलायन्स फाउंडेशनची पण स्कॉलरशिप आहे, पूर्ण डिग्रीला मिळून २ लाखांपर्यंत, पहिल्या वर्षाच्या मुलांना, ऑनलाइन टेस्ट असते. मिळेलच असं नाही पण फॉर्म भरायला काय जातंय.

खिडकी_नंबर_तीन

होस्टेलवरून आठवलं, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, ईबीसीवाल्यांसाठीच आहे, महाडीबीटीवर वेगळा अर्ज करावा लागतो आणि निम्म्या मुलांना माहीतच नसतो. शेती आहे का थोडीफार? अल्पभूधारक दाखला निघत असेल तर रक्कम जास्त मिळते.

चाकणचा_फिटर

सगळ्यांना एकदमच उत्तर देतो, सेकंड शिफ्ट होती. शेती दीड एकर आहे, काकांबरोबर सामाईक, सातबाऱ्यावर अण्णांचं नाव आहे. अण्णा उद्या सुट्टी टाकून तहसीलला जातायत.

टीएफडब्ल्यूएसला नाही केलं होतं कारण सायबर कॅफेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला तुम्ही ओपन, तुम्हाला नसतं. आता दुरुस्ती होते का?

खिडकी_नंबर_तीन

त्याला जातीशी काही घेणंदेणं नाही, उत्पन्नावर आहे. फॉर्म कन्फर्म झाला असेल तर तुमच्या हातात नाही. दाखला घेऊन सकाळीच प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर जा, दुरुस्तीची मुदत उघडी आहे का विचारा. फोनवर विचारत बसू नका, समोर उभे रहा.

चाकणचा_फिटर

शुक्रवार रात्रीचं अपडेट. सुविधा केंद्रावर दुरुस्ती नाही झाली, तारीख गेली होती. धाकटा केंद्राबाहेर बराच वेळ गप्प उभा होता, मग मीच चहा पाजला.

काल त्याला वही घेऊन बसवलं होतं. ८ लाख १० हजार त्यानेच लिहिलं आणि मला विचारलं दादा तुझा पगार किती रे. त्याला माहीतच नव्हतं, कमाल आहे ना, दोन वर्षं झाली मला नोकरीला. @कराडकर तुमचा प्रश्न पण विचारला, म्हणाला कॉम्प्युटर पाहिजे. मग यादी त्यानेच लावली, एक नंबरला अवसरी कॉम्प्युटर, दोनला पुण्याचं, तीनला कराड. पुण्याचं लागलं तर मी सही करणार, व्याज महिन्याच्या महिन्याला मी भरणार आणि त्याची नोकरी लागली की हप्ता त्याचा, हे पण वहीत लिहून दोघांनी सही केलीय, आई हसत होती. पीएफ बंद, पाटल्या बंद. पुण्याचं कॉलेज विद्यालक्ष्मीच्या यादीत सापडलंय.

समितीचा अर्ज भरलाय. शाखाधिकारी साहेब, ज्या स्थळाकडे बोलणी चालू आहेत त्यांना रविवारी सांगणार आहे, अण्णा म्हणतात आधी रिझल्ट लागू दे, मी म्हटलं नको.