घरून काम, दिवसाला जेमतेम १८०० पावलं, तासभर वेळ काढणं शक्य नाही, काय करू?

कोथरूडची_मेघना
नमस्कार मंडळी, वय ४१, पुण्यात राहते, २०२० ला घरून काम सुरू झालं ते आजतागायत तसंच चालू आहे. आधी हिंजवडीला जायचे तेव्हा बसस्टॉपपर्यंत चालणं, कॅन्टीन, जिने असं काही ना काही व्हायचं, आता पलंगावरून उठलं की आठ पावलांवर टेबल आणि जेवणसुद्धा लॅपटॉपसमोरच. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे संध्याकाळी ६ ते १० कॉल्स, म्हणजे नेमकी फिरायला जायची वेळ गेली. सकाळ मुलाचा डबा आणि सासूबाईंचं पथ्याचं जेवण यात संपते.

गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर आहात. माझ्या आईला डायबेटिस होता, तिच्या तळपायाची जखम सहा महिने भरत नव्हती, रोज ड्रेसिंग मीच करायचे, त्यामुळे मला खरंच भीती वाटतेय. जिमची फी भरून झाली, वेळ जमत नाही म्हणून सुटली. घरातल्या घरात, तुकड्यातुकड्यात काय करता येईल? स्वतः केलेलं सांगा प्लीज.

सातारकर_काका
मेघनाताई, घाबरू नका, या आकड्यावरून मागे येता येतं. मी ३३ वर्षं बँकेत काउंटरला बसून काढली, साखर मागे लागली ती तिथेच. माझा अनुभव एकच सांगतो, शतपावली. आमचे वडील रात्रीचं जेवण झालं की अंगणात फेऱ्या मारायचे, आम्ही पोरं मागे मागे. मी ते शहरात आल्यावर सोडलं होतं. रिटायर झाल्यावर परत सुरू केलं आणि घरच्या मशीनवर दोन महिने साखर वहीत लिहून ठेवली. जेवून तसाच टीव्हीपुढे बसलो तर दोन तासांनी १९० च्या आसपास, १५ मिनिटं चाललो की १५०-१५५, जेवण तेच, दोन भाकरी आणि भाजी. प्रत्येकाचं शरीर वेगळं, पण तुम्ही मोजून बघा. शंभर पावलांवर थांबू नका, दहा-पंधरा मिनिटं होऊ द्या.

दुसरं म्हणजे सूर्यनमस्कार. आमच्या जिल्ह्यातल्या औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून ते सुरू केले, माझे थोरले काका तिथलेच विद्यार्थी, पंचाहत्तरीतही सकाळी अंघोळीआधी घालायचे. एका सतरंजीएवढी जागा लागते. ५ पासून सुरू करा, एकदम २५ वर उडी नको.

फिजिओ_नाशिक
काकांची वही बघायला आवडेल! २०१६ मध्ये न्यूझीलंडमध्ये डायबेटिसच्या पेशंट्सवर हेच करून बघितलं होतं, दिवसातून एकदाच ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर कमी राहिली आणि सगळ्यात जास्त फरक रात्रीच्या जेवणानंतर पडला.

ताई, यामागचं कारण समजलं की करायला हुरूप येतो. मांडी आणि पोटरीचे स्नायू काम करायला लागले की रक्तातली साखर आत ओढून घेतात आणि त्या वेळी त्यांना इन्शुलिनवर तेवढं अवलंबून राहावं लागत नाही. तुम्ही सलग तीन तास बसता तेव्हा शरीरातले हे सगळ्यात मोठे स्नायू झोपलेले असतात. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये वजन जास्त असलेल्या लोकांना दर २० मिनिटांनी फक्त २ मिनिटं चालवलं, तेवढ्यानेही साखर आणि इन्शुलिन दोन्ही कमी चढलं. म्हणजे तुम्ही विचारताय ते तुकडे खरंच कामाचे आहेत.

माझ्या पेशंटना मी सांगते ते असं. पाण्याची दोन लिटरची बाटली टेबलावरून हलवा, छोटा पेला ठेवा, म्हणजे दर वेळी उठून माठापर्यंत जावं लागेल. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली, २० वेळा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, हळूच बसायचं, १० वेळा, दिवसातून तीनदा, यातल्या बसण्याला उठण्यापेक्षा जास्त वेळ द्या, मांडी तिथे बनते. जिना चढून या पण उतरताना गुडघे दुखत असतील तर सरळ लिफ्ट घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय, त्यातला दुसरा भाग आपल्या बायका हमखास सोडतात. आणि एकदा टेपने कंबर मोजा, आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंमीच्या आत हवी.

टेकडीप्रेमी
सगळं मान्य, पण तासभर बाहेर पडण्याला पर्याय नाही असं माझं मत. २०१६ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या दहा लाखांवर लोकांच्या अभ्यासात रोज ६० ते ७५ मिनिटं व्यायाम करणाऱ्यांना दिवसभर बसण्याचा धोका जवळपास उरला नव्हता. कोथरूडहून वेताळ टेकडी किती लांब आहे? शनिवार-रविवार तरी जा, ऊन आणि झाडं घरात मिळणार नाहीत.

कॅलगरी_वहिनी
टेकडीप्रेमी, तुमचं बरोबर आहे हो, पण ज्या बाईला तासच सापडत नाही तिला तास काढ सांगितलं की ती अपराधी वाटून घेते आणि दहा मिनिटंही सोडून देते, माझं नेमकं हेच झालं होतं. इथे कॅनडात जानेवारीत पारा उणे २५ पर्यंतही जातो, मी बेसमेंटमध्ये काम करते. कॅमेरा नको असलेला प्रत्येक कॉल मी चालत घेते, इअरफोन लावून भिंतीपासून भिंतीपर्यंत. ऑफिसला जायचं असलं की डाउनटाऊनमध्ये इमारती जोडणारे बंदिस्त पूल आहेत, प्लस फिफ्टीन म्हणतात, त्यातून जेवणाच्या सुट्टीत फिरते.

मेघना, दहा हजार पावलांचा आकडा डोक्यातून काढ. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आलाय. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवर २०१९ मध्ये अभ्यास झाला, त्यात २७०० पावलांपेक्षा ४४०० वाल्यांमध्येच मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, ७५०० च्या पुढे फारसा फरक नव्हता. तू १८०० वरून ३५०० चं ठरव.

कोथरूडची_मेघना
तीन आठवड्यांनी लिहितेय, आधी करून बघायचं ठरवलं होतं. दारापासून गॅलरीच्या टोकापर्यंत १९ पावलं भरतात. रात्री कॉल संपल्यावर जेवण होत होतं ते आता कॉलआधी साडेपाचला करते आणि सहाचा कॉल चालतच घेते, बोलणं संपेपर्यंत पाऊण तास कधी होतो कळत नाही. सासूबाई पहिल्या दिवशी नुसत्या बघत होत्या, चौथ्या दिवसापासून काठी घेऊन माझ्यासोबत सहा फेऱ्या मारतात, काल त्यांनीच मला उठवलं, "चल गं, वाजले की." पावलं ४२०० च्या आसपास. कंबर ९१ होती, ती अजून तशीच आहे. रक्त तीन महिन्यांनी तपासणार. टेकडीवर एका रविवारी मुलाला घेऊन जाऊन आले, मोर दिसले!

फक्त सूर्यनमस्कारात उजवं मनगट दुखतं, दिवसभर माऊसही त्याच हातात असतो. थांबवू का?

फिजिओ_नाशिक
थांबवू नका, आठवडाभर जमिनीऐवजी ओट्यावर हात टेकवून करा, मनगटावर भार बराच कमी येईल. माऊस डाव्या हातात घेऊन बघा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखून जाग येत असेल तर मात्र दाखवून घ्या.