मदत हवी आहे: नेट गेलंय, संध्याकाळची शिकवणी कशी घेऊ?

शिकवणीताई
कालपासून नेट नाहीये आणि संध्याकाळी बॅच आहे, काय करू? कस्टमर केअरला फोन लावून लावून थकले, तक्रार नोंदवली आहे एवढंच सांगतात, कधी चालू होईल ते कोणी बोलत नाही. राउटर बंद-चालू केला, वायर काढून लावली, काही फरक नाही. घटक चाचणी तोंडावर आलीय, सरावाचे सगळे पेपर ड्राइव्हवर आहेत आणि पालकांचे "आज क्लास आहे ना?" असे मेसेज सुरू झालेत. प्लीज लवकर सांगा, फोनवरून टाइप करतेय, त्यालाही धड रेंज नाही.

निळी_वायर
कनेक्शन कसलं आहे? फायबर, केबल की टेलिफोन लाइनचं? आणि राउटरवर कुठले दिवे लागलेत ते बघून सांगा.

सेटिंगवाला
डीएनएस बदला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 टाका. माझ्याकडे अर्ध्या साइट उघडायच्याच नाहीत, हे केल्यापासून एकदम मस्त चालतंय.

निळी_वायर
@सेटिंगवाला अहो त्यांचं नेटच गेलंय, अर्ध्या साइट उघडत नाहीत असं कुठे म्हणाल्या त्या? लाइनच नसेल तर डीएनएस बदलून काय होणार.

सेटिंगवाला
करून बघायला काय जातंय? मी अनुभवाने सांगतोय.

शिकवणीताई
फायबरच आहे. एलओएस लिहिलंय तिथे लाल दिवा लुकलुकतोय. पण मला राउटर दुरुस्त करायचा नाहीये हो, मला क्लास घ्यायचाय!

निळी_वायर
एलओएस लाल म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाशच तुमच्या डब्यापर्यंत पोचत नाही. बाहेर कुठेतरी खोदकामात वायर तुटली असणार, नाहीतर घरातच कपाटामागे वगैरे दुमडली असेल. डब्याला येणारी ती बारीक वायर भिंतीपासून हाताने चाचपत या, कुठे करकचून वळली असेल तर सैल करा. वायर काढलीत तर टोकात डोळा लावून अजिबात बघू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. आणि पिन घालून दाबायचं रीसेटचं बटण असतं त्याला हात लावू नका. कंपनीने भरलेली सगळी माहिती पुसली जाते, मग लाइन आली तरी माणूस येईपर्यंत नेट येत नाही.

खिडकीपाशी
मोबाइलचा हॉटस्पॉट लावा की, एवढं काय त्यात.

शिकवणीताई
लावून बघितला. आवाज तुटतो, फळा दिसेपर्यंत मुली "मॅडम ऐकू येत नाही" म्हणतात.

खिडकीपाशी
मग असं करा. फोन खिडकीत ठेवा आणि लॅपटॉपला चार्जिंगच्या केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, वायफायवरून घेण्यापेक्षा हे कमी तुटतं आणि फोनची बॅटरीही उतरत नाही. लॅपटॉपवर ते कनेक्शन मीटर्ड म्हणून लावा, नाहीतर विंडोजचे अपडेट मागच्या मागे डेटा खात बसतात. आणि कॅमेरे सगळ्यांचे बंद. तासाभराच्या व्हिडिओला साधारण 1 जीबीच्या आसपास जातो, नुसत्या आवाजाला त्याचा दहावा हिस्साही लागत नाही.

दोन_मुलांची_आई
कॅमेरा बंद केला की मुलं तिकडे दुसरंच काहीतरी करत बसतात, हे पालक म्हणून सांगते. आमच्या सरांचं नेट सारखं जायचं, शेवटी मी फी कापायला लावली.

जुना_मास्तर
फी कापण्यात कसला न्याय? लाइन तुटली त्यात शिकवणाऱ्याचा काय दोष? तास भरून काढतो ना तो नंतर. मी तर म्हणतो मुलांना ऑनलाइनची सवय लावूच नये. वही, खडू, फळा, बास.

दोन_मुलांची_आई
भरून काढतात तेव्हा काही म्हणत नाही. पण ऐन परीक्षेत क्लास रद्द केला तर आम्ही काय करायचं?

निळी_वायर
हा विषय दुसऱ्या धाग्यावर न्या ना. ताई, मुलं किती, विषय कोणता, आणि सगळीच ऑनलाइन असतात का?

शिकवणीताई
दहावीचं गणित, सध्या भूमिती चालू आहे. सहा जण. चौघं घरीच येतात, दोघी लांब राहतात म्हणून ऑनलाइन. पण घरच्या चौघांनाही मी पेपर टीव्हीवर लावूनच सोडवून घेते, त्यामुळे सगळंच अडलंय.

जुना_मास्तर
हे आधी सांगायचं ना! मग प्रश्न दोघींचाच आहे. साधा फोन लावा. एकीला कॉल करा, मग ॲड कॉल करून दुसरीला घ्या आणि मर्ज करा, नेट लागत नाही. फोन स्पीकरवर टाकून चौघांच्या मधोमध ठेवा. पेपर फळ्यावर लिहा आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचा.

शिकवणीताई
आकृत्यांचं काय? समरूपता फोनवरून कशी शिकवू?

जुना_मास्तर
मापं सांगून. "एबी 9 सेंमी, एसी 12, बीसी 12, त्रिकोण काढा. एबी वर ए पासून 3 सेंमीवर डी, एसी वर ए पासून 4 सेंमीवर ई. आता डीई जोडा आणि मोजा." बरोबर 4 सेंमी यायला हवी, आली की समजायचं सगळ्यांची आकृती सारखीच आहे. मग विचारा, डीबी किती, ईसी किती? 6 आणि 8. 3 भागिले 6, 4 भागिले 8, दोन्ही अर्धा. म्हणजे डीई बीसीला समांतर. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय उलट बाजूने त्यांच्या हातात येतं. पडद्यावर आयती आकृती दाखवून एवढं पक्कं बसत नाही.

खिडकीपाशी
हे मस्त आहे. पेपर मात्र फोनवर आत्ताच उतरवून ठेवा, रेंज आहे तोवर. ड्राइव्हच्या ॲपमध्ये फाइलपुढच्या तीन टिंबांवर ऑफलाइनचा पर्याय असतो, तो नेट असतानाच चालू करावा लागतो.

पेन_टॅब्लेट
ऑनलाइन शिकवायला पेन टॅब्लेट कुठला चांगला? छोटा घेऊ की मोठा?

निळी_वायर
नवीन धागा काढा प्लीज.

शिकवणीताई
क्लास झाला! एका मुलीची डीई जवळजवळ साडेसात आली, तिला विचारलं तर ई चं माप सी कडून घेतलं होतं, ते तिचं तिलाच सापडलं. घरचे चौघं पण आज मान वर न करता काढत होते. खूप आभार मास्तर. लाल दिवा अजून तसाच आहे, वायर घरात कुठेच दुमडलेली नाही. आता एकच, त्या दोघींच्या वह्या कशा तपासू? फोटो येतच नाहीयेत, नुसतं गोल गोल फिरतंय.

जुना_मास्तर
आज फोटो मागू नका. फक्त शेवटची उत्तरं एसएमएसने मागवा, तो नेटशिवाय जातो. ज्याचं उत्तर चुकलं त्याच गणिताच्या पायऱ्या उद्या फोनवर वाचायला लावा.

खिडकीपाशी
फोटो नंतरच पाठवायला सांगा, पहाटे गर्दी कमी असते तेव्हा मोबाइलचं नेट जरा बरं चालतं. आणि तक्रार नंबर लिहून ठेवा, बंद होतं तेवढ्या दिवसांचे पैसे बिलातून कमी करायला सांगताना लागेल.