बंदीने सट्ट्याच्या आहारी गेलेल्यांचे संरक्षण होते का?

प्रश्न – सह्याद्रीकर
ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बेकायदा ठरवले. तरीही माझा मावसभाऊ व्हॉट्सॲपवरून बुकीकडून ‘आयडी’ (सट्ट्याचे खाते) घेऊन क्रिकेटवर पैसे लावतोच आहे. बंदीऐवजी परवाने देऊन कडक नियम लावले असते, तर अशा माणसाचा बचाव झाला असता का?

उत्तर – वकीलसाहेब
विधी आयोगाने २०१८ च्या २७६व्या अहवालात बंदीलाच पसंती दिली होती. मात्र ती राबवता येत नसेल तर व्यवहार रोखीविना आणि आधार-पॅनशी जोडून व्हावेत, एका व्यक्तीच्या व्यवहारांवर मर्यादा असावी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्यांना सट्टा खेळू देऊ नये, असे सुचवले होते. आताच्या कायद्यात खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेव्हा त्या भीतीने मदत मागणे टाळू नका.

उत्तर – लंडनवासी
ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’ नावाची नोंदवही आहे. तिथे एकदा नाव घातले की सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे एकाही परवानाधारक संकेतस्थळावर खेळता येत नाही; मार्च २०२० पासून सर्व ऑनलाइन कंपन्यांना त्यात सामील होणे सक्तीचे आहे आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून क्रेडिट कार्डाने पैसे लावणेही बंद झाले. बुकीने व्हॉट्सॲपवर दिलेल्या आयडीला असे कोणतेही कुलूप लावता येत नाही, हीच बंदीची खरी उणीव मला वाटते. अर्थात, इथेही ‘आम्ही गॅमस्टॉपमध्ये नाही’ अशी जाहिरात करणारी विनापरवाना संकेतस्थळे आहेतच.

उत्तर – जुना सभासद
नोंदवहीत नाव घालायला माणूस आधी शुद्धीवर यावा लागतो. परवाने असते तर प्रत्येक सामन्यात जाहिराती आल्या असत्या आणि ‘व्यसन लागू शकते’ ही सूचना शेवटी घाईघाईने उरकली गेली असती. हे आपण आयपीएलमध्ये पाहिलेच आहे. मी बंदीच्याच बाजूचा आहे, पण बुकीचे पैसे ज्या भाड्याच्या बँक खात्यांतून फिरतात ती गोठवल्याखेरीज तिला अर्थ नाही. मावसभावासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला आणि त्याने कर्जाच्या ॲपवरून उचल केली आहे का, ते आधी पाहा.