मदत हवी आहे : लहान मुलीचा सीटी स्कॅन, इंदूर

नमस्कार मंडळी, आम्ही रामबागेतले. भाची 4 वर्षांची, वजन 15 किलो. छातीचा सीटी सांगितलाय. तो लागणारच, त्यावर वाद नाही. एका सेंटरवर विचारलं, मुलांसाठी किरणांचा डोस कमी करता का? उत्तर आलं, "मशीन ऑटोमैटिक है, भैया!" झालं समाधान.

माझ्या वाचनात असं की लहानग्यांना 120 ऐवजी 80 किंवा 100 केव्ही (एक्स-रे नळीचा व्होल्टेज) पुरतं, आणि आधी साधा, मग शिरेतून डाय देऊन असा दुहेरी स्कॅन बहुधा लागत नाही. मुलांचं सेटिंग खरंच वजनानुसार लावणारं, रिपोर्टात सीटीडीआय-डीएलपीचे (म्हणजे किरणांचा डोस किती दिला त्याचे) आकडे देणारं सेंटर पलासिया, गीताभवनकडे कुणाला माहीत आहे का? आणि एवढी चळवळी पोर भुलेशिवाय स्थिर पडून राहील का? अनुभव सांगा.