बेचिराख गाव : जळालेलं की नुसतं रिकामं?

करडई
अकरावीच्या मानवी भूगोलाच्या टिपणांचं भाषांतर करतेय. प्रकरण वस्त्यांचं. केंद्रित वस्ती, विखुरलेली वस्ती, रेषीय वस्ती इथपर्यंत पाठ्यपुस्तकाच्या कृपेने निभावलं. पुढे जनगणनेतल्या अशा गावांचा उल्लेख येतो, ज्यांना नाव आहे, हद्द आहे, नकाशा आहे, पण राहणारं कोणी नाही. मी बिनधास्त लिहिलं, ‘बेचिराख गावे’. सासरे तलाठी होते, त्यांच्या तोंडी कायम हाच शब्द. संपादकांनी लाल रेघ मारून समासात लिहिलंय, ‘आग कधी लागली?’ आता काय लिहू? परवा द्यायचंय.

सातबारा
सासऱ्यांना नमस्कार सांगा, ते बरोबर आहेत. बे + चिराग. चिराग म्हणजे दिवा. जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते मौजे बेचिराख. जमीन व्यवस्थित कसली जाते, सातबारा निघतो, मालक शेजारच्या गावात राहतो इतकंच. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातली गावं 43 हजारांवर आहेत आणि त्यांतली वस्ती असलेली 41 हजारांच्या आत. मधली सगळी जळाली असती तर पेपरात आलं असतं.

शुद्धमती
‘निर्जन ग्राम’ असा सुंदर शब्द असताना फारसीची झूल कशाला? मुलांना मराठी शिकवायचं आहे ना?

सातबारा
झूल उतरवायची तर ‘हद्द’, ‘जमीन’, ‘तालुका’, ‘जिल्हा’ सगळंच उतरवा. आणि निर्जन म्हणजे त्या क्षणी माणूस नसलेलं. दुपारी दोनला आमची गल्लीही निर्जन असते.

झाडीकर
नागपूरकडे याला रिठी म्हणतात. जनगणनेच्या यादीत कितीतरी गावांच्या नावापुढे कंसात चक्क ‘रिठी’ लिहिलेलं असतं. बेचिराख मी फक्त युद्धाच्या बातम्यांत वाचलंय.

करडई
तोच तर घोळ आहे. वाचणाऱ्या मुलाला बेचिराख म्हटल्यावर बॉम्बच दिसणार.

गढीवाला
राखेचा अगदीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. व्युत्पत्ती चिरागचीच, मान्य. पण उठून गेलेल्या गावाची जागा कधी पाहिलीय का? गावाची जमीन म्हणजे काळी आणि पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीवर राहायचं. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडून, चुलीतली राख साठून ती जागा पांढुरकी होते, उंचावते. गाव उठलं तरी टेकाड राहतं. घोडनदीकाठी इनामगावला अशीच टेकाडं होती. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 तिथे खणलं, तर खाली ताम्रपाषाण काळातलं अख्खं गाव. घरं, चुली, पेवं, घरातल्या जमिनीखालीच पुरलेली माणसं. आमच्या मराठवाड्यात तर लोक गढीची पांढरी माती धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, टाकायला बैलगाड्या भरून नेत. लहानपणी मीही नेलीय, घमेल्यात खापरं निघायची आणि आजोबा ती बाजूला ठेवायला लावायचे. का, ते कधी सांगितलं नाही. तेव्हा ‘राख’ लोकांनी उगाच नाही ऐकली त्या शब्दात.

सातबारा
याला व्युत्पत्ती नाही, कविता म्हणतात.

गढीवाला
असू दे की.

भीमाकाठ
मग धरणात गेलेलं गाव कोणत्या खात्यात घालायचं? आमचं उजनीत गेलं. नव्या जागी वसलेल्या गावाला तेच नाव, पण घरात बोलताना ‘गाव’ म्हणजे पाण्याखालचं. याला ‘नवीन’ लावावं लागतं, त्याला ‘जुनं’ कोणी लावत नाही. दुष्काळाच्या वर्षी पाणी हटलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, पेपरवाले फोटो काढायला येतात. तेव्हा आजी काठावर उभी राहून बोट दाखवायची, “त्या बाभळीच्या पल्याड आपला उंबरा.” तिथे बाभूळही नसायची. ती म्हणायची, गाव पाण्यात गेलं. ओसाड, उजाड, बेचिराख यातलं काही तिच्या तोंडून ऐकलं नाही.

शुद्धमती
‘जलमग्न’.

भीमाकाठ
बरं.

चाळकरी
मूळ ‘वस्ती’वरच माझा आक्षेप आहे. मुंबईत वस्ती म्हणजे झोपडपट्टी. ‘तो वस्तीतला आहे’ हे काही भूगोलाचं वाक्य नाही. ‘वसाहत’ लिहा.

माणदेशी
अहो, आम्ही वस्तीवरच राहतो! गावापासून अडीच किलोमीटरवर, शेतात, चार भावांची चार घरं. पत्त्यात आडनाव लावून वस्ती लिहितो. आणि ‘वसाहत’ म्हटलं की मला इंग्रज नाहीतर एमआयडीसी आठवते.

झाडीकर
आणि वस्तीची एसटी? रात्री मुक्कामाला येणारी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, पहाटे तीच गाडी तालुक्याला.

गढीवाला
हा अर्थ जुना आहे. संस्कृतात ‘वसति’ म्हणजे रात्रीचा मुक्काम, आणि रात्रही. कर्नाटकातली जैनांची ‘बसदी’ त्यातूनच. म्हणजे जिथे रात्र काढतात ती वस्ती, आणि जिथे रात्री दिवा नाही ते बेचिराख. जुळतंय की नाही?

सातबारा
पुन्हा कविता. पण जुळतंय.

कुडाळकर
आमच्याकडे वाडी. त्यातही गंमत, माडाची वाडी ती वेगळी आणि माणसांची वेगळी. पाहुण्यांना ‘वाडीत जाऊन येतो’ म्हटलं की ते विचारतात, कोणाकडे?

चाळकरी
वाडी, वाडा, पाडा, तांडा या सगळ्यांना एकच ‘वस्ती’ म्हणून गुंडाळता येणार नाही. त्यात कोण राहतं तेही दडलेलं असतं. डिसेंबर 2020 मध्ये सरकारने जातींच्या नावाचे वाडे बदलायचा निर्णय घेतला ना, समतानगर, क्रांतीनगर वगैरे.

माणदेशी
चांगलंच केलं. पण आमच्याकडे पाटी बदलली, रिक्षावाल्याला सांगायचं नाव तेच राहिलं.

शुद्धमती
विषय कुठून कुठे गेला.

करडई
काल दिलं एकदाचं. ‘बेचिराख (वस्ती नसलेली) गावे’ असं लिहून पाठवलं होतं. संपादकांनी बेचिराख काढलं आणि कंसातलं तेवढं ठेवलं. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

झाडीकर
आता जमलोच आहोत तर, चंद्रपूरकडच्या गावांना ‘तुकूम’ का लावतात हे कोणी सांगेल का?