खेड्यात वाढून कॅमेऱ्याच्या नादी लागलात? लिहा

माणदेशी:
लग्नाच्या ऑर्डरींवर पोट भरतं, उरलेल्या वेळात मी गावं टिपत फिरतो. सातारा-सांगलीकडं अशी बरीच मंडळी आहेत. लहानपणच्या गावानं तुमच्या फोटोंत काय घातलं, ते लिहा.

सुरुवात मी करतो. उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर विहिरीत सोडायचे. बाहेरून आलेले फोटोग्राफर ती पाण्याची धार टिपतात आणि गाडीत बसतात. आई मात्र गर्दी हटल्यावर जायची, तळातलं गढूळ पाणी शेंदायला. भांडणात तिला पडायचं नसायचं. त्यामुळं टँकर गेला की माझं काम सुरू होतं.

हरिपूरकर:
घरचा धंदा हळदीचा, माल पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खोल कोठारात. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आत हवा कोंडलेली असते. आज्जा आधी कंदील सोडायचा. तो विझला, तर कुणी खाली जात नसे. 2005 च्या पुरात बरीच पेवं गेली. त्याआधी कधीतरी उसना कॅमेरा घेऊन मी पेवाच्या तोंडाशी बसलो आणि फ्लॅश मारला. खालून हमालाची शिवी आली, "डोळं दिपलं की रं!" तेव्हापासून फ्लॅश बंद. आहे त्या उजेडात येईल ते.

2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा माझ्या हातात शेजाऱ्यांच्या म्हशीचं दावं होतं. त्या पुराचा माझ्याकडं एकही फोटो नाही. (ओळखीच्या एका संपादकाला हे अजून पटत नाही.)

विट्याकडची:
आण्णा गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी, परमुलखात. वर्षातून एकदा पोस्टानं स्टुडिओतला फोटो यायचा, मागं रंगवलेला तलाव, त्यात हंस. मला वाटायचं, आण्णा तिथंच राहतात. पुढं कॅमेरा घेऊन त्यांच्या दुकानी गेले. दहा बाय दहाची खोली, भट्टी, नाकात बसणारा ॲसिडचा वास, माळ्यावर वळकटी. आण्णा म्हणाले, "हितं नको, भाईर चांगल्या जाग्याला काढू." मी आतच काढला. आजीला तो अजून दाखवलेला नाही.

माणदेशी:
हरिपूरकर, म्हशीचं पटलं. ताई, आण्णांना तरी दाखवलात का?

विट्याकडची:
दाखवला. म्हणाले, "बनेलवर काढलास व्हय गं?"