पाठीतली सुई अन् मज्जारज्जू
ताई, तुम्ही वर विचारलं ना की सिझरच्या वेळी पाठीत सुई देतात ती मज्जारज्जूला टोचली तर पाय जातील का, ही भीती इथे नागपुरात घरोघरी ऐकते मी. पण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू पूर्ण पाठभर नसतोच, मेंदूपासून निघून साधारण ४५ सेंमी खाली येतो अन् कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. खाली नुसता नसांचा झुपका, तोही पाण्यात तरंगता, त्यामुळे सुई आली की नसा बहुतेक बाजूला सरकतात.

वहिनीचं सिझर धंतोलीत झालं, तिला आधी गुडघे पोटाशी घेऊन वाकायला लावलं, त्याने मणक्यांमधली फट उघडते, मग कमरेची दोन्ही हाडं चाचपून जागा ठरवली, ती कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास येते, म्हणजे रज्जूच्या बरंच खाली. औषधाने खालच्या नसा काही तास बधिर होतात, मेंदू जागाच, बाळाचं पहिलं रडणं तिने ऐकलं!

नंतर उठून बसल्यावर डोकं खूप दुखलं तर डॉक्टरांना लगेच सांगा, नसांभोवतीचं ते पाणी सुईच्या छिद्रातून झिरपल्याने होऊ शकतं. अन् रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगून ठेवा बरं.